टांकसाळीच्या आत काय घडलं, बाहेर काय घडलं: नाण्यातली चूक आणि नाण्याची प्रत ओळखताना

कोकणातल्या जुन्या घरांत नाणी असतातच. देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला निघणारा राणीछाप रुपया, माळ्यावरच्या ट्रंकेत चाकरमानी आजोबांनी मुंबईहून आणून ठेवलेले भोकाचे पैसे, आगरात आळं खणताना वर आलेली एखादी काळीकुट्ट शिवराई. हल्ली ही नाणी पुन्हा बाहेर निघू लागली आहेत, कारण अमुक एक चुकीचं नाणं लाखाला जातं, असं मोबाइलवर रोज कुणीतरी सांगत असतं. नाणी बाहेर निघतात हे चांगलंच. पण हातात घेतल्यावर नेमकं काय पाहायचं हे कुणी सांगत नाही. मग चांगलं नाणं घासून वाया जातं आणि कुणीतरी ठोकून चपटं केलेलं नाणं कपाटात जपून राहतं.

माझ्या मते सगळं एका प्रश्नापाशी येऊन थांबतं: जे दिसतंय ते टांकसाळीच्या आत घडलं, की नाणं बाहेर पडल्यावर? आत घडलं असेल तर ती ‘एरर’, टांकसाळीतली चूक. संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. बाहेर घडलं असेल तर ती झीज किंवा इजा, आणि तिने नाण्याची प्रत, म्हणजे बाजारात ज्याला ग्रेड म्हणतात ती, खाली येते. या प्रश्नाचं उत्तर द्यायला नाणं पडतं कसं हे ठाऊक हवं. तेवढं कळलं की निम्म्याहून अधिक नाण्यांचा निकाल आपला आपण लावता येतो.

नाणं पडतं कसं

आज आपल्याकडे चार सरकारी टांकसाळी आहेत. मुंबईची फोर्टातली, १८२० च्या दशकात बांधलेली. शिवाय कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाण्यावरच्या सालाखाली पाहा. बारीक हिरा असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. ‘खूण छापायची राहिली, म्हणून दुर्मीळ’ असं सांगून कोलकात्याचं साधं नाणं विकायला ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यात चूक काहीही नसते.

टांकसाळीत आधी धातूचा लांब पट्टा लाटला जातो. त्यातून यंत्राने गोल चकत्या कापतात. मग प्रत्येक चकतीची कड दाबून थोडी वर उचलतात, म्हणजे पुढे नक्षीला कडेचं संरक्षण मिळतं. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात आणि प्रेसकडे पाठवतात. प्रेसमध्ये वर एक ठसा, खाली एक ठसा आणि बाजूने चकतीला घट्ट धरणारी पोलादी कडी असते. या कडीला कॉलर म्हणतात. एकाच दाबात छापा, काटा आणि कडेवरचे दाते तयार होतात. हे सगळं मिनिटाला शेकडो नाण्यांच्या वेगाने चालतं, म्हणून क्वचित काहीतरी बिनसतं आणि तपासणीतून निसटून आपल्या खिशापर्यंत येतं.

म्हणजे चुका तीनच ठिकाणी होऊ शकतात: चकतीत, ठशात किंवा दाब पडताना. समोरच्या नाण्यातली गोष्ट या तिन्हींपैकी कुठेच बसत नसेल, तर ती बाहेर घडलेली आहे असं बेलाशक समजावं.

चकतीतली चूक: खाल्लेली कड

पोळपाटावर मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या पुरीच्या खळग्यावर चढली, तर नवी पुरी एका बाजूला कमानीत खाल्लेली निघते. पट्ट्यातून चकत्या कापताना हेच घडतं. अशा नाण्याला क्लिप म्हणतात. ही चूक नकली करायला सर्वांत सोपी, कारण कानस सगळ्यांकडे असते. आणि ओळखायलाही ही सर्वांत छान चूक, कारण खरी क्लिप स्वतःचा पुरावा बरोबर घेऊन येते.

समजा, स्टेनलेस स्टीलचं १९९२ नंतरचं एक रुपयाचं नाणं हातात आहे, २५ मिलिमीटर व्यासाचं. घड्याळात चार वाजतात त्या जागी कडेचा कमानदार तुकडा नाही. तिथे न पाहता आधी बरोबर समोर, दहाच्या जागी पाहा. क्लिप खरी असेल तर बहुतेक वेळा तिथली कड बसकी दिसते, कधी अगदी नाहीशीच झालेली असते. कारण सोपं आहे. कड उचलणारं यंत्र चकतीला दोन्ही बाजूंनी दाबत फिरवतं. एका बाजूला धातूच नसेल तर त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही आणि तिथली कड उचललीच जात नाही. संग्राहकांत याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. घरी बसून कानस मारणाऱ्याला हे साधत नाही. तो नाणं पूर्ण तयार झाल्यावर तुकडा काढतो, त्यामुळे समोरची कड ठणठणीत राहते.

आता भिंग क्लिपवर आणा. खऱ्या क्लिपजवळची अक्षरं किंचित ओढल्यासारखी, कडेकडे विरत गेलेली दिसतात, कारण दाब पडला तेव्हा धातू त्या मोकळ्या जागेत सरकला. नकली क्लिपमध्ये अक्षर सुरीने कापल्यासारखं मध्येच तुटतं आणि कापलेल्या कडेवर कानशीच्या समांतर रेघा सापडतात. शेवटी वजन. या नाण्याचं वजन ४.८५ ग्रॅम हवं, आणि क्लिप असेल तर ते हरवलेल्या तुकड्याच्या मानाने कमी भरतं. घरी काटा नसेल तर गावच्या सोनाराकडे असतो.

चकतीच्या बाकीच्या चुका पटकन सांगतो. धातूचा पापुद्रा सुटलेला असतो. कधी चकती कोरीच बाहेर पडते. कधी एका नाण्याचा ठसा दुसऱ्याच नाण्यासाठी कापलेल्या चकतीवर पडतो. इथे वजन, व्यास आणि लोहचुंबक मिळून उलगडा करतात. स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलची चिकटत नाहीत. मात्र १९४७ चा वाघछाप रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो चिकटतो. म्हणून तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका.

ठशातली चूक: उठाव की खोल

ठशाच्या चुका ओळखताना एक नियम कामी येतो. ठशावर जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं. ठशाला तडा गेला की दाबाने धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर बारीक उठलेली रेघ येते. कडेजवळ ठशाचा तुकडाच उडाला तर नाण्यावर त्या जागी धातूचा बिननक्षीचा फुगवटा तयार होतो. ओरखडा याच्या उलट असतो, तो नाण्याच्या अंगात खोल जातो. म्हणून रेघ दिसली की बोटाने न चाचपता भिंगाखाली नाणं तिरपं धरा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. रेघ उठलेली असेल तर पुढे विचार करायला जागा आहे. खोल असेल तर बहुतेकदा ती बाहेरची इजा असते. अपवाद एक आहे: ठसा आणि चकती यांच्यामध्ये धागा किंवा तारेचा तुकडा आला तर त्याचा खोल माग नाण्यावर उमटतो, पण त्या मागाच्या तळाशीही धातूची चमक तशीच असते.

अक्षर गायब असेल तर बहुधा ठशाच्या त्या खाचेत वंगण आणि धातूची भुकटी भरलेली असते. अशी नाणी बरीच सापडतात आणि त्यांना फारशी किंमत येत नाही. अक्षराच्या जागी पृष्ठभाग आजूबाजूसारखाच गुळगुळीत हवा. तिथे खड्डा किंवा रेघा असतील तर अक्षर घासून काढलेलं आहे.

ठसा फिरलेला आहे का, हे कुणालाही तपासता येतं. नाण्याचं वरचं आणि खालचं टोक दोन बोटांत धरा, सिंह सरळ ठेवा आणि नाणं उभ्या अक्षावर फिरवा. आपल्या आजच्या नाण्यांची दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी, आडवी किंवा उलटी आली तर तो डाय रोटेशन. पाच-दहा अंशांचा कल सर्रास असतो, त्यात विशेष नाही. नव्वद किंवा एकशेऐंशी अंश असेल तर नाणं वेगळं ठेवावं.

सर्वाधिक गोंधळ दुहेरी अक्षरांवरून होतो. साल दुहेरी दिसलं की लोक लगेच ‘डबल डाय’ म्हणून मोकळे होतात. खऱ्या डबल डायमध्ये ठसा तयार होतानाच त्यावर नक्षी दोनदा, थोडी सरकून उमटलेली असते. त्यामुळे नाण्यावर दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उठावाची असतात आणि अक्षराच्या टोकाशी दोन्हींच्या मधली खाच स्पष्ट दिसते. याउलट दाब पडल्यावर सैल ठसा किंचित घसरला तर अक्षराची एक बाजू चपटी, पायरीसारखी दाबली जाते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. हे यांत्रिक घसरणं हजारो नाण्यांत सापडतं, त्याला वेगळी किंमत नाही. भिंगाखाली ‘गोल आणि खाच’ की ‘चपटी पायरी’ एवढंच पाहायचं.

दाब पडताना झालेली चूक

सगळ्यांना भुरळ घालणारी नाणी या गटातली. चकती ठशाखाली नीट बसली नाही तर नक्षी एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते. हे ऑफ-सेंटर. अशा नाण्याला कॉलरने धरलेलं नसतं, म्हणून त्याच्या कडेला नेहमीचे दाते नसतात आणि धातू पसरून नाणं पूर्ण गोल राहत नाही. पन्नास टक्के सरकलेलं आणि तरीही साल दिसणारं नाणं पाच टक्के सरकलेल्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचं. दहा रुपयांच्या द्विधातू, म्हणजे दोन धातूंच्या, नाण्यात मधला गाभा सरकलेला किंवा नसलेलाही सापडतो.

ब्रॉकेज मात्र नीट समजून घ्यावा असा आहे. छापलेलं नाणं कधीकधी बाहेर न पडता वरच्या ठशाला चिकटून राहतं. खाली पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूवर खालचा ठसा नेहमीसारखा उमटतो. दुसऱ्या बाजूवर ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं दाबलं जातं. परिणामी एका बाजूला सिंह सरळ आणि उठावात, दुसऱ्या बाजूला तोच सिंह आरशातल्यासारखा उलटा आणि खोलात. पहिला ब्रॉकेज अगदी रेखीव असतो. ते अडकलेलं नाणं पुढच्या दाबांत पसरत गेलं की उलटी प्रतिमाही मोठी आणि धूसर होत जाते.

बाजारात नकली ब्रॉकेज भरपूर आहेत. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळली की एकाची उलटी प्रतिमा दुसऱ्यावर उमटते. फरक असा, की आवळलेल्या नाण्यावर त्या बाजूची मूळ नक्षी चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला मूळ नक्षी कधी पडलेलीच नसते, म्हणून उलट्या प्रतिमेशिवाय तिथे काही नसतं. विक्रेत्याने पाठवलेल्या एका फोटोवर विसंबू नका. दोन्ही बाजू आणि कड, तिन्ही फोटो मागा.

जे चूक वाटतं पण नसतं

शिवराईबद्दल आधी बोलतो, कारण ती आपल्या मातीतली. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवछत्रपतींच्या नावाची नाणी पडू लागली. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही नाणी हाताने पाडलेली आहेत. खालच्या ठशावर तांब्याचा तुकडा ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. तुकडाही वाकडातिकडा. म्हणजे शिवराईवर अर्धी ‘श्री’ दिसणं किंवा नक्षी एका बाजूला सरकणं ही चूक नव्हे, ती घडवण्याची रीतच आहे. शिवाय शिवराई पुढे मराठी सत्तेच्या वेगवेगळ्या ठिकाणी दीर्घकाळ पाडली गेली, त्यामुळे ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी अक्षरांची रूपंही बदलतात. अभ्यासकाला त्यांतून काळ आणि ठिकाण शोधता येतं. यंत्राच्या नाण्याचे नियम हातच्या नाण्याला लावू नयेत. शिवराईत उलट पूर्ण मजकूर असलेलं, नीट मध्यावर पडलेलं नाणं दुर्मीळ, आणि मान त्याला आहे.

राणीछाप रुपयाचंही तसंच. १८६२ साल असलेले रुपये १८७४ पर्यंत पडत राहिले आणि मुंबईच्या टांकसाळीने त्यांवर सालाजवळ वेगवेगळ्या संख्येने ठिपके दिले. ते ठिपके म्हणजे ठशाची चूक नाही, मुद्दाम केलेली खूण आहे. त्यांना प्रकार म्हणतात, आणि संग्राहक ठिपके मोजून हे रुपये लावतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचीही गोष्ट अशीच. राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती अनेकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. हा दोष आराखड्यातला, छपाईतला नाही. तरीही १९११ चा रुपया शोधला जातो, कारण तो कमी उरला. भोकाच्या पैशाचं भोकही मुळातलंच, युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी ठेवलेलं.

आणि मग खरोखरच बाहेर घडलेलं. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली तेव्हापासून रुळावर चपट्या झालेल्या नाण्यांची आपल्याकडे कमी नाही. ती पातळ, लांबट, काठाला चिरलेली असतात आणि नक्षी पसरून पुसट झालेली असते. ही टांकसाळीतली चूक कधीच नसते, आणि रुळावर नाणं ठेवणं जिवाशी खेळ आहे, मुलांना हे सांगितलंच पाहिजे. किनाऱ्यावरच्या वाळूत सापडणारं नाणं खाऱ्या पाण्याने खाल्लेलं, बारीक खड्डे पडलेलं आणि वजनाला हलकं असतं. त्याला ‘पातळ चकतीची एरर’ म्हणून विकू पाहतात. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं बहुधा जादूगाराचं असतं, दोन नाणी कोरून एकात एक बसवलेलं. कडेच्या आतून फिरणारी बारीक सांध भिंगाखाली दिसते आणि नाणं टिचकी मारल्यावर बद्द वाजतं.

प्रत ठरवताना

नाण्याची प्रत म्हणजे ते किती वापरलं गेलं याचा अंदाज. आज जगभर एक ते सत्तर अशी मोजपट्टी वापरतात. ती अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आकड्यांपेक्षा शब्दच जास्त असतात: फाइन, व्हीएफ, एक्सएफ, एयूएनसी, यूएनसी. फाइन म्हणजे बरंच फिरलेलं पण सगळं वाचता येणारं, आकड्यांत सुमारे बारा. व्हीएफ वीसपासून, एक्सएफ चाळीसपासून. एयूएनसी म्हणजे जवळजवळ न वापरलेलं. यूएनसी साठपासून वर, म्हणजे व्यवहारात कधीच न वापरलेलं. प्रूफ हा शब्द याच यादीत घुसवला जातो, पण ती प्रत नव्हे. खास पॉलिश केलेल्या ठशांनी संग्राहकांसाठी पाडलेलं ते वेगळ्या घडणीचं नाणं.

झीज नेहमी सर्वांत उंच जागी सुरू होते, म्हणून प्रत ठरवताना आधी उंचवटे शोधायचे. १८७७ नंतरचा ‘एम्प्रेस’ लिहिलेला राणीचा रुपया घ्या. व्यास तीस मिलिमीटरच्या किंचित वर, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. यात कानावरच्या केसांच्या बटा, गाल, भुवई, मुकुटाची नक्षी आणि खांद्याजवळच्या वस्त्रावरचं काम हे उंचवटे. केसांची प्रत्येक बट वेगळी दिसत असेल आणि वस्त्राची नक्षी ताजी असेल तर नाणं एक्सएफच्या आसपास किंवा वर. बटा एकमेकींत मिसळू लागल्या पण डोळा, कान आणि मुकुट स्वच्छ असतील तर व्हीएफ. केसांचा सपाट गठ्ठा झाला, वस्त्राची नक्षी तुकड्यातुकड्यांनी उरली, तर फाइन किंवा त्याहून खाली. आजच्या नाण्यांवर अशोकस्तंभातल्या मधल्या सिंहाचं नाक, कपाळ आणि छाती पाहावी.

आता एक सूक्ष्म गोष्ट, जिथे सराईत लोकही चुकतात. उंचवटा सपाट दिसतो म्हणजे तो झिजलाच असं नाही. दाब कमी पडला असेल तर धातू ठशाच्या सर्वांत खोल भागापर्यंत पोचतच नाही आणि सिंहाचं नाक जन्मापासूनच बसकं राहतं. झीज आणि कमी दाब यांतला फरक चमक सांगते. नवं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. दाबाखाली धातू बाहेर पसरताना ज्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात, त्यांची ही चमक. बोटांच्या पहिल्याच वापरात ती उंचवट्यांवरून पुसली जाते आणि एकदा गेली की पुन्हा आणता येत नाही. सपाट जागीही हे पट्टे फिरत असतील तर दाब कमी पडला होता. सपाट जागा मळकट, निर्जीव करडी असेल तर ती झीज. एयूएनसी आणि यूएनसी यांच्यातली सीमा हीच, आणि पैशांतला फरक इथेच सर्वांत मोठा असतो.

यूएनसी नाण्यावरही बारीक ठोकर असू शकते, कारण टांकसाळीतून पोत्यांत भरून जाताना नाणी एकमेकांवर आपटतात. एक रुपयाच्या नव्या पिशवीतली सगळीच नाणी सारख्या प्रतीची नसतात.

घासू नका

कोकणात हा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आहे. तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लखलखीत करणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. दिवाळीच्या आधी देव्हाऱ्यातला रुपया त्याच हाताखालून जातो. कधी रांगोळी, कधी दंतमंजन, कधी लिंबू आणि मीठ. “घासून कसा ठेवलाय बघा, आरसा झालाय,” असं म्हणत आजी रुपया पुढे करते तेव्हा तिचा जीव त्यात असतो. देवाचं नाणं म्हणून ते तसंच राहिलं तर काही बिघडत नाही. पण संग्राहकाच्या दृष्टीने त्यातलं जे मोलाचं होतं ते गेलेलं असतं. आम्ल धातूचा वरचा थर खातं, मीठ आणि रांगोळी ओरखडे पाडतात. भिंगाखाली एका दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा, पृष्ठभागावर खोटी पांढरी चकाकी आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेली पूड, हे तीन पाहिले की नाणं घासलेलं आहे यात शंका राहत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अशा नाण्याला आकडा देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. हाराला अडकवण्यासाठी कडी जोडून नंतर काढलेल्या रुपयालाही असाच शेरा मिळतो. बारा वाजताच्या जागी कडेवर डाग दिल्याचा, म्हणजे झाळल्याचा, माग शोधावा.

चांदीवर हळूहळू चढलेला निळसर, जांभळट किंवा तांबूस रंग हा मळ नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो थर तयार होतो आणि एकसारखा असेल तर लोक त्यासाठी जास्त पैसे देतात. तांब्याचा गडद तपकिरी थरही तसाच राखावा. फक्त एक लक्षण दिसलं तर मात्र हालचाल करावी: फिकट हिरवी, पिठूळ पूड, पुसली तरी पुन्हा येणारी. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे तांबं आतून पोखरलं जात असल्याची ती खूण. असं नाणं इतरांपासून लगेच वेगळं करून कोरड्या जागी ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं. साधी माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून न चोळता टिपून घ्यावी.

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे भिंतींनाही बुरशी येते, तिथे नाण्यांचं काय. मऊ, वास मारणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या अल्बमात पीव्हीसी असतं आणि दमट हवेत ते नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतं. मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या, खिडकीचे पुठ्ठ्याचे चौकोन वापरा. ते हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या पुड्या श्रावणात एकदा तरी बदला. रबरबँड जवळपासही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाणं हातात घ्यायचं ते कडेने; बोटाचा घामट ठसा तांब्यावर कायमचा उमटतो.

विकण्याआधी

‘तुमच्या नाण्याला लाखो मिळतील, आधी नोंदणी फी भरा’ असं सांगणारा प्रत्येक जण फसवणारा आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर सावधगिरीची सूचना दिली: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कुणाला अधिकार दिलेला नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. वैष्णोदेवीच्या चित्राची २०१२ ची नाणी स्मारक नाणी म्हणून पाडलेली आहेत. तीही चूक नव्हे. चांगलं नाणं दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, फोटो स्वतःकडे ठेवा. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात एकदा जाऊन अस्सल नाणी डोळ्यांखालून घालावीत. चांगल्या प्रतीची चमक आणि उठाव शब्दांपेक्षा तिथे लवकर कळतात.

घराचा पाया खणताना किंवा आगरात नाण्यांचा गडू सापडला तर गोष्ट वेगळी आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. असा गडू सापडला की नाणी वाटून घेऊ नयेत आणि धुऊ तर मुळीच नयेत. मातीसकट, भांड्यासकट, सगळी एकत्र ठेवावीत आणि सापडलेल्या जागेचा फोटो काढावा. त्या गडूतलं सर्वांत अलीकडचं नाणं कोणतं यावरून तो केव्हा पुरला गेला हे अभ्यासक ठरवतात, आणि त्यातलं एक नाणं जरी कुणाच्या खिशात गेलं तरी तो हिशेब चुकतो.